किटलीशिवायचा तास

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण वेधशाळेत खऱ्या नावाने हाक मारली असती, तर तिनेच वळून पाहिलं नसतं. काम उल्का मोजायचं, म्हणजे एका जागी बसून राहायचं; आणि ही बाई पाच मिनिटं खुर्चीत टिकली तर शपथ!

क्षितिजापलीकडचं रेडिओ केंद्र एरवी इथे ऐकू येत नाही. वर उल्का जळाली, की तिच्या मागे उरलेल्या रेषेवर आपटून त्या केंद्राच्या लहरी इथवर पोचतात आणि पडद्यावर ठिपका उमटतो, अगदी भरदिवसा. डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक उल्काही अशा सापडतात. आठ ते नऊ या तासात एरवी पाचेक पुसट ठिपके यायचे. आठवडाभर वीस-वीस येत होते. नवा उल्कावर्षाव! दहा वाजता अहवाल द्यायचा होता. संचालकबाईंना तो पटला नाही, तर सकाळची मोजणी बंद आणि भिंगरीची रवानगी जुन्या कागदांच्या खोलीत.

आठला पाच कमी असताना यंत्रवाले काका डोकावले.

"काल किती गं?"

"वीस!"

"माझे दहा."

"तुमचे कसले दहा?"

"तुझ्या किटलीचे खटके. तासात पाचदा पाणी तापवतेस, पितेस एक कप. चालू होताना एक, बंद होताना एक. पलीकडे बसून ऐकतो, दुसरी करमणूक काय?"

भिंगरीने वळून किटलीकडे पाहिलं. खटक्याची ठिणगीही पडद्यावर ठिपकाच काढते. ठिपका दिसला की ती हरखून उठायची, उठली की किटली लावायची, किटली लागली की ठिपका!

"काका, मेले मी!"

"आधी मोज, मग मर." किटली काखोटीला मारून ते चालते झाले.

ती हातांवर बसली. पाय हलले, तेही खुर्चीला गुंडाळले. सव्वाआठला एक. साडेआठला दोन. पाठीला खाज सुटली, नाक हुळहुळलं, खिडकी नीट लागलेली नाही असं वाटलं. पावणेनऊनंतर मात्र ठिपके लागोपाठ आले. ती उठली नाही.

दहाला संचालकबाईंनी अहवालातली खाडाखोड पाहिली. "विसाचे नऊ झाले?"

"हो बाई. कालचे दहा माझ्या किटलीचे होते. आजचे हे नऊ वरचे आहेत."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग पाचाच्या जुन्या सरासरीकडे.

"एक आठवडा देते. किटली माझ्या कपाटात राहील."

"चालेल," भिंगरी म्हणाली, आणि हरखून दारापर्यंत जाऊन तीनदा परत आली.