भिंतीला टेकलं ते माल

आमच्या शेडमध्ये एक नियम आहे. मागच्या भिंतीला जे टेकवलेलं असेल तो माल. मग ते कुणाचंही असो. आपली वस्तू आपल्याला परत हवी असेल तर ती खिळ्याला टांगायची. डबा, ओढणी, पिशवी, सगळं खिळ्याला. हा नियम भांडणांतून आलाय. सुरुवातीला रोज कुणाची तरी वस्तू मालात जायची आणि मग दिवसभर तोंडाचा पट्टा चालायचा. मी स्वतः एकदा नवी कोरी छत्री भिंतीला टेकवून पाणी प्यायला गेले. परत येते तर कापड कापडात, काड्या लोखंडात आणि मूठ प्लॅस्टिकमध्ये. बोलणार कुणाला? नियम मीच काढला होता.

आम्ही कचरा वेचणाऱ्या बायका. शहराने फेकलेलं सुकं ते आमच्याकडे येतं आणि आम्ही त्याची निवड करतो. बाटलीचं झाकण वेगळं, बाटली वेगळी, पुठ्ठा वेगळा, पांढरा कागद वेगळा. ही जागा आम्ही पालिकेशी भांडून मिळवली. भिंती आम्ही उभ्या केल्या. अर्ध्या शेडवर पत्रे घातले आणि तिथे आमचा दम संपला. उरलेल्या अर्ध्यात पाऊस सरळ आत येतो. कागद भिजला की त्याचा लगदा होतो, आणि लगद्याला कुणी विचारत नाही.

मला इथे सगळ्या मुकादमीण म्हणतात. गटाची प्रमुख आहे म्हणून म्हणतात असं मी बाहेर सांगते, पण खरं कारण माझा आवाज. माझ्या आवाजाला पुरून उरेल अशी एकच बाई शेडमध्ये आहे, ती म्हणजे माझी थोरली नणंद. नणंद माझी एकटीची, पण वन्सं तिला अख्खी शेड म्हणते. माझं लग्न व्हायच्या आधीच त्या सासर सोडून माहेरी आल्या होत्या. का आल्या ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि विचारायची आमच्या घरात कुणाची छाती नाही. कामाला वाघीण. सकाळी सगळ्यांच्या आधी हजर, आणि मी पोचले की पहिलं वाक्य ठरलेलं, ‘आलात का महाराणी?’

तर गेल्या वर्षी आमच्यासाठी अनुदान चालून आलं. उरलेलं छप्पर, गठ्ठे बांधायचं मशीन, मोठा वजनकाटा, सगळंच. पण अनुदान देणारी मंडळी आमच्यासारख्या गटाच्या हातात थेट पैसे देत नाहीत. मध्ये एक मोठी नोंदणीकृत संस्था लागते. अशी एक संस्था पुढे आली. तिचे प्रमुख, म्हणजे आमचे सर, माणूस वाईट नव्हते, हे आधीच सांगून टाकते. धावपळ करायचे, आमच्या मुलींच्या शाळेचे दाखले त्यांनीच काढून दिले होते. पण एकदा का त्यांना तुमचं भलं कळलं, की मग तुम्ही मध्ये बोलायचं नाही.

त्यांनी करार बनवला. त्यात त्यांची संस्था मुख्य भागीदार आणि आम्ही स्थानिक सहभागी. शेड चालवायला संस्थेचा व्यवस्थापक येणार. शेड कधी उघडायची, आत कोण येणार, माल कुणाला द्यायचा, सगळं तो ठरवणार. म्हणजे भिंती आमच्या, आणि आयत्या बिळावर नागोबा येऊन बसणार. मी सरांना म्हटलं, दोन सह्या ठेवा. एक तुमची, एक आमची, दोन्ही झाल्याशिवाय काही हलायचं नाही. ते हसले. म्हणाले, ‘ताई, आधी छप्पर तर होऊ दे, पुढचं पुढे बघू.’ पुढचं पुढे म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे. एकदा गेलेला हक्क परत मागायला गेलं की माणूस भांडखोर ठरतो.

घरी वन्संनी वेगळाच सूर लावला. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, पण तुला गरज असून वर माज आहे, असं मला भाकरी थापताना ऐकवलं. म्हणाल्या, सही काय पाणी अडवणार आहे का? माझे गुडघे ओल्यात बसून गेलेत, तुझे अजून जायचेत. आणि एकट्या वन्संच नव्हत्या. शेडमधल्या निम्म्या बायका त्यांच्या बाजूच्या होत्या. आणि वन्संचे गुडघे तर मी रोज बघत होते.

अनुदानवाल्या मॅडम शेड बघायला येणार आणि त्यानंतर करार पक्का होणार असं ठरलं. आदल्या संध्याकाळी आम्ही घरी गेल्यावर सरांच्या माणसांनी एक भलामोठा बोर्ड आणला. फ्लेक्स, त्याला ॲल्युमिनियमची चौकट, मागे लाकडी पट्ट्या. गेटवर सकाळी लावू म्हणून त्यांनी तो आत आणला आणि कुठे टेकवला असेल? मागच्या भिंतीला.

सकाळी मी पोचले तेव्हा वन्सं भलत्याच खुशीत होत्या. मला महाराणीसुद्धा म्हणाल्या नाहीत. ‘आज फार झकास माल आलाय,’ म्हणाल्या, ‘कुणी टाकला कोण जाणे, नवा कोरा.’ चौकट तुकडे होऊन ॲल्युमिनियममध्ये गेली होती. पट्ट्यांचे खिळे काढून लाकूड एकीकडे, खिळे लोखंडात. फ्लेक्सची घडी घालून तो गोणीत. मी घडी उलगडून पाहिली. वर संस्थेचं नाव हातभर, खाली आमच्या गटाचं बोटभर, त्यापुढे ‘लाभार्थी’. मध्ये हसणाऱ्या बायकांचा फोटो, त्यातली एकही आमची नाही. हा सरांचा बोर्ड होता. वन्संना सांगितलं तेव्हा त्या मटकन गोणीवर बसल्या.

सर मॅडमच्या आधी आले. बोर्ड कुठे, म्हणाले. मी गोणी दाखवली. त्यांचा चेहरा पडला, मग लाल झाला, मग त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, मॅडमना सांगायचं की रात्री बोर्ड चोरीला गेला. सगळ्यांची अब्रू राहील, तुमचीही, माझीही.

चोरी. हा शब्द आम्ही लहानपणापासून ऐकतोय. कुणाच्या अंगणातली बादली हरवली की पहिलं बोट आमच्याकडे. गोणी उघडून दाखव, पदर झटकून दाखव. आणि आता आमच्याच शेडमध्ये, आमच्याच तोंडून तो शब्द? माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, ‘सर, बोर्ड गेला तर गेला. चोरी हा शब्द या शेडमध्ये चालायचा नाही.’ ते म्हणाले, मग तुम्ही काहीच बोलू नका, मी बघतो.

तेवढ्यात मॅडम आल्याच. वयस्कर बाई, पायात साध्या चपला, प्रत्येक ढिगाजवळ थांबून हे काय ते काय विचारणाऱ्या. न झाकलेल्या अर्ध्यात त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, गेटवर बोर्ड लागणार होता ना, दिसला नाही. सरांनी सुरुवात केली, ‘काय झालं मॅडम, काल रात्री इथे...’

मी मध्ये पडले. माझा आवाज तुम्हाला माहीतच आहे. सांगितलं की बोर्ड आम्ही तोडला, निवडून ठेवला आहे, हवा तर तुकडे दाखवते. भिंतीचा नियम सांगितला. माझ्या छत्रीचंही सांगितलं. मागे दोघीतिघी फिस्सकन हसल्या. मॅडम हसल्या नाहीत.

‘बोर्ड इथे ठेवलाय, हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘विचारलं असतं तर आम्ही खिळा दाखवला असता. बोर्डाचं विचारलं नाही आणि कराराचंही विचारलं नाही.’

सर म्हणाले की बघा, शिस्त नाही, म्हणूनच इथे व्यवस्थापक हवा असं मी म्हणतो. मॅडमनी त्यांचंही शांतपणे ऐकून घेतलं. मग आम्हा सगळ्यांना स्पष्ट सांगितलं. करार आहे तसा ठेवला तर काम लगेच सुरू होईल. बदलायचा तर कागद परत वर जाणार, या पावसाळ्याआधी छप्पर होणार नाही, आणि पुढे मिळेलच याची खात्री त्या देऊ शकत नाहीत. मग त्यांनी नजर फिरवली आणि नेमकी वन्संना हाक मारली. वन्सं मागे उभ्या होत्या, पत्रा कापायची कात्री पाठीमागे लपवून. अपराध्यासारखं तोंड.

‘बाई, छप्पर आलं आणि ठरवायचं तुमच्या हातात राहिलं नाही, तर चालेल तुम्हाला?’

मी डोळेच मिटून घेतले. उत्तर मला पाठ होतं, रोज भाकरीबरोबर मिळत होतं. आता या बाईच्या एका ‘हो’वर सगळं संपणार, आणि तिचे गुडघे पाहता तिला दोष तरी कसा देऊ, असं मनात आलं.

वन्संनी कात्री पुढे घेतली, पदराला पुसली.

‘छप्पर मला फार हवंय,’ म्हणाल्या. ‘या मुकादमिणीशी मी त्यावरून रोज भांडते. पण मॅडम, सासरी माझ्या डोक्यावर पक्कं छप्पर होतं. खायला होतं, ल्यायला होतं. फक्त विचारत कुणी नव्हतं, बस म्हटलं की बसायचं, ऊठ म्हटलं की उठायचं. तिथे मी एकदा नांदून आलेय. पुन्हा नाही नांदायची. कागद काय, उन्हात वाळवू.’

सरांनी मान खाली घातली. मग पलीकडून पुठ्ठा निवडणारी एकजण म्हणाली, वन्सं म्हणतात तेच. तिच्या शेजारची म्हणाली, तेच. कालपर्यंत ज्या मला वेड्यात काढत होत्या त्या एकेक करून ‘तेच’ म्हणत गेल्या. एवढ्या वर्षांत न सांगितलेली गोष्ट या बाईने चारचौघांत, परक्या माणसांसमोर सांगितली होती, आणि ती आमच्या शेडसाठी. मला त्या क्षणी तिचा इतका अभिमान वाटला की ही माझी नणंद आहे असं मॅडमना ओरडून सांगावंसं वाटलं.

मॅडमनी कागद परत वर पाठवले आणि तो पावसाळा आम्ही तसाच काढला. किती कागद गेला ते विचारू नका. वन्सं रोज ओल्यात बसल्या आणि रोज मला शिव्या घातल्या, पण आपण मॅडमना सांगितलं ते चुकलं असं एकदाही म्हणाल्या नाहीत. पाऊस सरल्यावर सर आले. एकटेच. गोणीवर बसले आणि नवा करार आम्हाला सावकाश वाचून दाखवला. दोन भागीदार, बरोबरीचे. दोन सह्या, एकीशिवाय दुसरी चालायची नाही. व्यवस्थापक नेमला तर गटाच्या संमतीने. प्रत्येक कलम वाचून झालं की ते थांबायचे आणि विचारायचे, चालेल का? एका कलमाला पुठ्ठ्यावालीने नाही म्हटलं. त्यांनी पेन काढून ते तिथेच खोडलं. त्या माणसाबद्दलही मला त्या दिवशी बरं वाटलं. माणूस शिकतो, वेळ लागतो इतकंच.

शेवटी आमच्या बाजूने सही कुणाची असा प्रश्न निघाला. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी उभी राहिले आणि ठणकावून सांगितलं की आमच्या गटाची सही वन्सं करणार. बायकांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी पेन वन्संच्या पुढे धरलं.

वन्संनी पेन घेतलं नाही. माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘मला विचारलंस?’

टाळ्या बंद झाल्या. मग मी सगळ्यांच्या देखत त्यांच्यासमोर उकिडवी बसले आणि विचारलं, ‘वन्सं, गटाची सही तुम्ही कराल का?’

त्यांनी मला चांगलं वरखाली पाहून घेतलं.

‘उद्या सांगते,’ म्हणाल्या, आणि बाटल्या निवडायला निघून गेल्या.