मुकाट कळा

नर्सने विसेंताच्या कपाळाला हात लावला, "हिला अजून वेळ आहे," असं म्हटलं आणि ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथे शहरातली एक मुलगी "आई गं, मेले गं" करत सगळा व्हरांडा डोक्यावर घेत होती. तिच्यासाठी लगेच चाकांची खुर्ची आली.

तोमासा सुईण उठली. हातातला कागद तिने तिसऱ्यांदा पुढे केला. आरोग्य खात्यानेच दिलेला तो कागद होता. वाचता न येणाऱ्या सुइणींसाठी त्यावर चित्रं छापलेली होती, आणि आडव्या बाळाच्या चित्रावर तोमासाने पेन्सिलीने ठसठशीत फुली मारली होती.

"सिस्टर, बाळ आडवं आहे. पहाटेच पाणी गेलंय. मी दोनदा पोट चोळून पाहिलं, वळत नाही."

"मारिया, तपासायचं काम आमचं आहे."

"माझं नाव तोमासा. हिचं विसेंता."

"खाली बस, मारिया."

विणलेला घागरा नेसून डोंगरावरून येणारी प्रत्येक बाई या इस्पितळात मारियाच असते. आमच्या बायका घरी गेल्यावर त्याची नक्कल करून हसतात. समोर मात्र कुणी बोलत नाही, कारण समोरच्याच्या हातात आपल्या लेकीसुनेचा जीव असतो.

विसेंता एकोणीस वर्षांची. हे तिचं पहिलंच. नवरा खाली किनाऱ्याकडे कॉफीच्या मळ्यात तोडणीला गेलेला. पहाटे दोघी मक्याच्या ट्रकमध्ये पोत्यांवर बसून आल्या होत्या, आणि सात वाजल्यापासून या बाकावर होत्या. कळ आली की विसेंता डोळे मिटायची, ओठ दाबायची. मानेवरची शीर टरारून वर यायची आणि खाली जायची. लांबून बघणाऱ्याला वाटावं, पोरगी बसची वाट बघतेय.

हे तिला तोमासानेच शिकवलं होतं. चाळीस वर्षं ती डोंगरावरच्या पोरींना वाफघरात, तापल्या दगडांच्या बंद खोपीत निजवून, पोट चोळता चोळता एकच गोष्ट सांगत आली होती. वाफघराचं दार उघडं राहिलं की ऊब निघून जाते, तसंच कळेचं आहे. तोंड मीट, जोर आत राहू दे. आणि बाळाच्या कानावर तुझा पहिला आवाज भीतीचा पडू देऊ नकोस, नाहीतर ते यायलाच घाबरेल. पोरी ऐकायच्या. मुकाट बाळंत व्हायच्या, आणि त्याचा अभिमान आयुष्यभर मिरवायच्या.

दारावरचा रखवालदार तसा बरा माणूस होता. त्याने तोमासाला पाण्याचा ग्लास आणून दिला आणि हसत म्हणाला, "मावशी, मूल रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही. तुझी पोरगी तर चर्चमधल्या संताच्या पुतळ्यासारखी बसलीये. तिला काही होतंय असं वाटेल तरी कुणाला?"

तोमासाने ग्लास खाली ठेवला. इतका वेळ तिला वाटत होतं, आपली बोली वेगळी, स्पॅनिश तोडकी, म्हणून यांना कळत नाही. आता तिच्या ध्यानात आलं. इथे ओरडेल तिला दुखतं. ओरडत नाही तिला दुखतच नाही. आमच्या बाया म्हणजे दगडाच्या, जनावरांसारख्या रानात वितात आणि लगेच लाकडं फोडायला जातात, असं या लोकांनी कधीचंच ठरवून टाकलेलं होतं. विसेंता जितकी नेटाने सोसत होती, तितकी ती रांगेत मागे मागे जात होती.

तिने विसेंताच्या पोटावर हात ठेवला. कळ ओसरली होती, तरी पोट सैल पडत नव्हतं. बेंबीखाली आडवी खाच उमटली होती. ही खाच तोमासाने आयुष्यात एकदाच पाहिली होती, आणि त्या बाईला नंतर तिनेच आंघोळ घालून शेवटचे कपडे नेसवले होते.

"पोरी, ओरड."

विसेंताने डोळे उघडले. "काय?"

"ओरड म्हणते. मोठ्यानं."

"आजी, बाळ ऐकेल ना."

"ऐकू दे."

"पण तुम्हीच तर सांगितलं होतं..."

"सांगितलं होतं. चुकलं माझं. आता ओरड, बाई."

विसेंताने तोंड उघडलं. नुसता श्वास बाहेर आला. तिने पुन्हा करून पाहिलं. घशात काहीतरी घरघरलं आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"येत नाही हो, आजी."

तोमासाने कागदाची घडी केली, कमरेला खोचली, व्हरांड्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि तिने किंकाळी फोडली. सात मुलं झाली तेव्हा ती ओरडली नव्हती. त्यातली दोन पुरली तेव्हाही नाही. आता थांबता थांबेना. रखवालदार धावला, तशी ती जमिनीवर बसली आणि बाकाचा पाय धरून ओरडत राहिली. आतली दारं धाडधाड उघडली.

"कोण मरतंय इथे?" एक तरुण डॉक्टर बाहेर आला.

तोमासाने ओरडता ओरडताच विसेंताकडे बोट दाखवलं.

म्हातारीचं तोंड बंद व्हावं एवढ्याचसाठी त्याने विसेंताच्या पोटाला हात लावला. हात तिथेच थांबला. मग तो स्वतःच ओरडला. त्याचं ओरडणं मात्र साऱ्या इस्पितळाला पहिल्या हाकेत ऐकू गेलं.

दुपारी तो पुन्हा बाहेर आला. मुलगी झाली होती, जिवंत होती. आईही वाचली होती.

"पिशवी फाटली होती, काढून टाकावी लागली. तिला आता पुन्हा मूल होणार नाही," तो म्हणाला. "तुम्ही लोक वेळेवर आणतच नाही."

"सात वाजता आलो, डॉक्टर."

त्याने फाइल उघडून पाहिली. त्याचे कान लाल झाले, पण आवाज तसाच राहिला. "इथे तर लिहिलंय, पेशंट शांत. तक्रार नाही."

"शांत नव्हती. सोसत होती."

डॉक्टरने फाइल मिटली. ते वाक्य त्याने लिहून घेतलं नाही.

पुढच्या आठवड्यात गावातली रोसेंदा तोमासाच्या वाफघरात आली. तिला आठवा महिना. तोमासाने पोट चोळलं. बाळाचं डोकं खाली होतं, सगळं जागच्या जागी होतं. बाळंतपण बहुधा घरीच झालं असतं. तरी तोमासा तिला शालीत गुंडाळून मक्याच्या बांधावर घेऊन गेली.

"ओरड."

रोसेंदा फिदीफिदी हसली. "अंगात आलंय का, आजी?"

"ओरड म्हणते ना."

रोसेंदाने तोंडावर हात ठेवून छोटीशी आरोळी मारली.

"कोंबड्या हाकतेस? हात काढ. तिकडे इस्पितळात तुला कुणी नावानं विचारणार नाही. मोठ्यानं ओरड."

दुसऱ्यांदा शेजारच्या बाया दारात आल्या. तिसऱ्यांदा समोरच्या उतारावरची कुत्री भुंकू लागली. रोसेंदाचं हसू मावळलं होतं. ती तोमासाच्या तोंडाकडे बघत होती.

तोमासा वाकली. कान झाकावेत तसे तिने दोन्ही तळवे त्या पोटावर दाबून धरले.

"तू ऐकू नकोस, बाळा," ती हळूच म्हणाली. "हे तुझ्यासाठी नाही."

मग मान वर करून ती रोसेंदाला म्हणाली, "हं. पुन्हा."