माटोळीतलं डोंगरकांगणं

बंगळुरूच्या ऑफिसात मला सगळे माळी म्हणतात. आमच्या कंपनीचं अॅप झाडं ओळखतं. पानावर मोबाइल धरला की नाव सांगतं, विषारी असेल तर तेही सांगतं. ते शिकावं म्हणून हजारो फोटोंना नावं द्यावी लागतात आणि ती देणाऱ्या गटाचा मी प्रमुख. प्रत्यक्षात माझ्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकच मनीप्लांट आहे आणि तोही मरायला टेकलाय. दोन तास ट्रॅफिकमध्ये बसून जायचं, दिवसभर रानावनात हिंडायचं आणि चपलेला माती न लागता घरी यायचं. हे मी पूर्वी विनोद म्हणून सांगायचो. गेल्या चवथीपासून, म्हणजे गणेशचतुर्थीपासून, सांगत नाही.

खरा जाणकार आमच्या घरात एकच, माझे वडील. दत्ताराम, गोव्यातल्या लाटंबार्से गावचे. जन्मभर खाणीवर टाइमकीपर होते, पण गावात त्यांना मान आहे तो माटोळीमुळे. चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगायची आणि तिला रानातली फळं, वेली, पानं केवणीच्या दोरासारख्या सालीने बांधायची, ती माटोळी. इतरांच्या माटोळीत म्हापशाच्या बाजारातल्या वीस-पंचवीस जिनसा असतात. बाबांच्या माटोळीत शंभरावर. पंधरा दिवस आधीपासून ते कोयता घेऊन डोंगर पालथा घालतात. चवथीला लोक आमच्याकडे गणपतीच्या पाया पडतात आणि मान वर करून विचारतात, दत्ताराम, हें कितें? बाबा नाव सांगतात, कुठे मिळतं ते सांगतात. शाळेचे मास्तर दरवर्षी मुलांना घेऊन यायचे. त्या पाच दिवसांत बाबा दोन इंच उंच दिसायचे.

गेल्या वर्षी मी चार वर्षांनी चवथीला घरी गेलो. पहिल्या संध्याकाळी घर भरलेलं होतं. शेजारचे सगुणकाका म्हणाले, "गौरेशान बंगळूरांत कितें केलां तें दाखय मरे आमकां." मला तेच हवं होतं. मी मोबाइल काढला. अॅपने सुपारीचा शिपटा, म्हणजे घोस, ओळखला, आंबाडे ओळखले, पपनसासारखं तोरिंजन ओळखलं. लोक चकित. आई पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. मला तर चेव चढला. चौकटीच्या कोपऱ्यात तांबूस, बोराएवढ्या फळांचे घोस होते. "तें डोंगरकांगणें," बाबा म्हणाले, "फकत वयल्या दोंगरार मेळटा. माजे आवयन दाखयल्लें." त्यांच्या आईकडून आलेलं हे नाव मी बाबांखेरीज कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. मी मोबाइल धरला आणि पडद्यावर लाल अक्षरं आली. भलतंच नाव, आणि खाली: विषारी, हात लावू नये. खात्री सत्त्याण्णव टक्के.

मी ते मोठ्याने वाचलं. न वाचता मोबाइल खिशात घालता आला असता, पण मी वाचलं, टक्क्यांसकट.

बाबा आधी हसले. मग त्यांनी भोवतालचे चेहरे बघितले. सगुणकाकांची सून बाळाला घेऊन दोन पावलं मागे सरली होती. काका चेष्टेने म्हणाले, "दत्ताराम, तीस वर्सां आमकां वीख दाखयतालो मरे तूं!" सगळे हसले, मीही हसलो. एकदा बांधलेली माटोळी गणपती पोचवीपर्यंत, म्हणजे विसर्जनापर्यंत, सोडत नाहीत, हे बाबांनीच मला शिकवलेलं. त्यांनी स्टूल ओढलं, वर चढले आणि घोस कापून काढले. परसात नेऊन टाकले आणि साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. जन्मभर त्याच हातांनी ती फळं तोडली होती.

माटोळीचा तो कोपरा मग रिकामाच राहिला.

दुसऱ्या दिवशी मला चैन पडेना. जेवणं झाल्यावर लॅपटॉप उघडला आणि यंत्राने हे शिकलं कुठून ते शोधलं. आठ फोटो निघाले, आठही आमच्याच माटोळीचे. एकाच्या कडेला बाबांचं कोपर आणि दंडावरचा काळा दोरा दिसत होता. पूर्वीच्या चवथींचे सगळे फोटो मीच कंपनीच्या साठ्यात टाकले होते, 'गोव्याची दुर्मीळ रानफळं' म्हणून. शाबासकीही मिळवली होती. खाली नोंद होती. नाव देणारा: गौरेश. शेरा: विषारी. शुक्रवार, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं.

तो शुक्रवार मला लख्ख आठवला. तिमाहीची शेवटची तारीख होती. फळ घरचं आहे एवढं कळत होतं, नाव मात्र आठवत नव्हतं. 'माहीत नाही' असं एक बटण असतं, पण ते दाबलं की गटाचे आकडे घसरतात. बाबांना फोन करायचं मनात आलं होतं. पण फोन केला की ते डोंगरापासून सुरुवात करणार, मग त्यांची आई, मग मी जेवलो का, अर्धा तास जाणार. तशाच दिसणाऱ्या एका विषारी वेलीचं नाव यादीत समोर होतं. विषारी म्हटलेलं बरं, कुणी खाऊन मरणार तरी नाही, असं म्हणून मी ते दाबलं आणि पुढच्या फोटोकडे गेलो.

म्हणजे यंत्र बाबांना खोटं पाडत नव्हतं. ज्याने अर्धा तास वाचवला, तो मीच त्यांना खोटं पाडत होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाचव्या दिवशी गणपती पोचवायच्या आरतीला अख्खी वाडी जमली. सांगायचं तर तेव्हाच, त्याच माणसांसमोर. सगुणकाकांनी रिकाम्या कोपऱ्याकडे बघून पुन्हा तीच चेष्टा केली. मी तोंड उघडलं होतं. मग डोक्यात आलं, पुढच्या महिन्यात बढती आहे, आणि इथे हे लोक म्हणतील, बंगळूरात हा हेच करतो काय? मी टाळ उचलले आणि आरती सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हटली. निघताना बाबा मला दोडामार्गच्या स्टँडपर्यंत सोडायला आले. बसमध्ये चढून नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, डबा मांडीवर ठेवत म्हणाले, "मोटें काम करता रे तूं." मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

वर्षभर आई फोनवर सांगत होती. हल्ली कुणी काही विचारायला येत नाही. मास्तरांनी मुलांसाठी मोबाइलवर तुझंच अॅप घेतलंय. बाबा डोंगरावर जातात, पण रिकाम्या हातांनी येतात. प्रत्येक वेळी मी विषय बदलला. डोंगरकांगण्याची नोंद मी गुपचूप दुरुस्त केली आणि तेवढ्यावर स्वतःला माफ करून टाकलं. बढतीही मिळाली.

यंदा चवथीच्या आठ दिवस आधी, ऑफिसात मीटिंग चालू असताना बाबांकडून माटोळीच्या जिनसांचे फोटो यायला लागले. फागलां. घागऱ्यो. माट्टी. प्रत्येकाखाली एकच प्रश्न: हें बांधलें जाल्यार चलता? बारावा फोटो आंब्याच्या टहाळ्याचा होता. आमच्या दारातल्याच आंब्याचा. मी जन्मलो त्या वर्षी बाबांनी लावलेला. खाली लिहिलं होतं: हीं आंब्याचींच पानां मरे? मोबायलाक विचारून सांग.

मी मीटिंग सोडून जिन्यात गेलो आणि फोन लावला. सगळं सांगितलं. शुक्रवार, बटण, वाचवलेला अर्धा तास. "बाबा, यंत्र चुकलां न्हय, हांव चुकलां. तुमचें बरोबर आसलें. हांव सगुणकाकांकय सांगतां."

पलीकडे थोडा वेळ कोयता घासल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"ना रे पुता," बाबा म्हणाले. "माका बरें दिसचें म्हणून तूं आपणाचेर घेता. इतलें शिकिल्ले लोक बसून केल्लें यंत्र तें, कशें चुकतलें?"

मी पुन्हा सांगितलं. शपथ घेतली. ते मला समजवायला लागले, लहानपणी पडलो की समजवायचे तसे. मग म्हणाले, "तें जांव. आंब्याचींच मरे पानां तीं?"

"आंब्याचींच, बाबा."

"मोबायलार बघलें मरे?"

"बघलें," मी म्हणालो.

"मागीर हरकत ना," बाबा म्हणाले. "आतां बांधतां."