केळीवर आळ

चुडामण आबांनी नातीच्या हातातलं केळं हिसकावलं, तेव्हा बांधाला दिल्लीचा ट्रक भरत होता. घडात एखादं पिकलेलं निघालं होतं, तेवढंच पोरीनं उचललं. दिल्लीच्या पोरांनी खावं, आमच्या हर्षालीनं खाऊ नये, असा आमच्या तापीकाठचा कायदा.

"तुले कितला दाव सांगं, केय खाऊ नको. पोटमा जंत व्हतस."

हर्षाली सहा वर्षांची. पोट मडक्यागत, हातपाय काड्या, आणि भिंतीचे पोपडे चोरून खायची खोड. आबांचा इलाज वर्षभर चालू होता. केळं बंद, गूळ बंद, दूध बंद, सकाळी कडुलिंबाचा रस. जंत उपाशी मरतील म्हणे. स्वतः मात्र दोन वेळा केळी खायचे; मोठ्या माणसाला जंत होत नाहीत, हा त्यांचा शोध. शाळेत जंताची गोळी वाटली त्या दिवशी पोरीला घरी बसवलं, कारण सरकार फुकट देतं ते खोटं असतं. अनुदान यात धरायचं नाही. पोरीचा बाप पंडित, तो आबांपुढे तोंड फक्त जेवायला उघडायचा.

मग पोर वर्गात चक्कर येऊन पडली. आई कुंदाबाईनं कोणाला न विचारता तिला सरकारी दवाखान्यात नेलं. आबा मागोमाग गेले, डॉक्टरीणबाईला अक्कल शिकवायला.

बाईंनी पोरीची पापणी ओढून पाहिली. "रक्तच नाही हिच्या अंगात. जंत पितायत."

"केय खास म्हनीसन," आबा म्हणाले.

"केळ्यानं जंत होत नाहीत, आबा. मातीतून होतात. ही अनवाणी संडासला कुठं जाते?"

"केयीना बागमा. आम्ही बठ्ठाच जातस."

"घरी संडास नाही?"

"शे ना. सरकारनं बांधी दिन्हा."

"मग?"

कुंदाबाईच बोलली, "त्यामा ठिबकन्या नळ्या ठेल्या शेतस, बाई."

बाईंनी घरातल्या सगळ्यांसाठी जंताच्या गोळ्या दिल्या. पोरीला रक्तवाढीचं औषध, डाळ, पालेभाजी, दूध सांगितलं. हात धुऊन केळंही. "एक जण जरी गोळी न खाता बागेत बसला, तर हिला पुन्हा होणार."

"माले काय जंत? मी काय ल्हान पोर शे?" आबा बाहेर येऊन गुरगुरले.

घरी आल्यावर कुंदाबाईनं भांडण काढलं नाही. संडासातली नळ्यांची भेंडोळी एकेक ओढली आणि आबांच्या खाटेवर रचली. संडास घासला, बादली भरून ठेवली.

"आन् मी कोठे झोपू?"

"बागमा झोपा, आबा. तठे तुम्हनी सवयनी जागा शे. नही त गोळी खा, मी खाट मोकळी करी देस."

आबांनी पंडितकडे पाहिलं. पंडित आपली गोळी चावत होता. त्यानं नळ्यांना हात लावला नाही.

दिवेलागणीला आबांनी तोंड वाकडं करून गोळी चावली. चव जाईना, म्हणून हात सवयीनं ओसरीतल्या केळ्यांच्या फणीकडे गेला. तिथं हर्षाली उभी होती, आपलं केळं सोलत.

"आबा, केय खाऊ नका," ती म्हणाली. "पोटमा जंत व्हतस."