दादाचे दात

दादाचे सगळेच्या सगळे दात काढून टाकायचे, असं दातांच्या डॉक्टरांनी ठरवूनच टाकलं होतं. दुखत होती एक दाढ. आणखी चार-पाच दात किडलेले होते, पण ते बुजवायचे तर दर खेपेला पूर्ण भूल द्यावी लागणार, अशा माणसांना खुर्चीत बसवणं म्हणजे डोक्याला ताप, त्यापेक्षा एकदाच भूल देऊन सगळे काढले की कायमची कटकट मिटली. ‘अशी माणसं’ म्हणजे माझा थोरला भाऊ. वय पन्नास, बुद्धी लहान मुलाची, असं कागदोपत्री. घरी तो कच्चं गाजर कराकरा खातो आणि अर्धं न विसरता माझ्या ताटात ठेवतो.

दादाला विचारलंत का, असं मी म्हटलं. त्यांनी माझ्यासमोरच विचारलं, दात काढायचे ना? दादा ताठ बसून म्हणाला, "हो."

झालं. संमतीपत्र माझ्यापुढे सरकलं. सही कर आणि मोकळी हो, असं ताईनंही फोनवर सांगून हात झटकले होते. माझं डोकं सणकलं. आता दात ठेवायचे का, असं विचारा म्हटलं. त्यांनी विचारलं. दादा म्हणाला, "हो."

"बघा, त्यांना कळत नाही. म्हणून तर तुमची सही लागते."

म्हणजे पहिला हो चालला, आणि दुसरा आला की दादा बिनडोक. वा रे न्याय.

दादा वीस वर्षं ‘अशा माणसां’च्या वसतिगृहात होता. पांढरा कोट दिसला की हो म्हणायचं, म्हणजे लवकर सुटका होते, एवढं तो तिथे पक्कं शिकला. मी डॉक्टरांना कोट काढायला सांगितलं. ते हसले. मग मी कायदा काढला. ज्याला ठरवता येत नाही असं तुम्ही म्हणता, त्याला आधी समजेल अशा रीतीनं विचारावं लागतं, नाहीतर माझ्या सहीला काडीची किंमत नाही. आवाज चढलाच होता माझा. बाहेरच्या बाकावरचे पेशंट आत डोकावायला लागले.

कोट खुंटीवर गेला. डॉक्टर स्टुलावर बसले, दादाच्या हातात आरसा दिला, कुठला काढू म्हणून विचारलं. आता थांबा, मी म्हटलं. थांबणं त्यांना फार जड जात होतं.

दादा बराच वेळ आरशात बघत राहिला. मग त्यानं मागच्या दाढेवर बोट ठेवलं. "ही दुखते. काढा." आणि ओठांवर हात दाबून म्हणाला, "बाकीचे नाही. माझे आहेत."

डॉक्टरला ‘नाही’ म्हणताना मी त्याला जन्मात पहिल्यांदा ऐकलं. तेवढ्यात डॉक्टर काय लिहितायत ते दिसलं. ‘रुग्ण सहकार्य करत नाही.’

"खोडा ते," मी म्हटलं. "सहकार्य त्यानं आयुष्यभर केलं. आज उत्तर दिलंय. ते लिहा."

त्यांनी खोडलं. दादाचं उत्तर दादाच्याच शब्दांत लिहिलं, मी ते वाचून घेतलं. मग दाढ बधिर करायची सुई भरून ते वळले, तेव्हा दादानं आपण होऊन तोंड उघडलं.