शॉमबर्गच्या लॉनवरच्या दुर्वा

गराजमध्ये बर्फाच्या फावड्याला खेटून उभा आहे ना, लाल पत्र्याचा, दोन चाकांचा, तो मी. लॉनवर खत पसरणारा स्प्रेडर. ओहायोच्या कारखान्यात माझ्या बुडाला भोकं पाडली, तेव्हा कामगारांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या. इतकी सरळ रांग त्यांनी जन्मात पाहिली नव्हती! खोटं वाटत असेल तर ओहायोला जाऊन विचारा.

१९८३ साली श्रीरंगने मला शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये, आपल्या घरी आणलं. मूळचा नागपूरचा माणूस. भर जुलैत त्याने लॉनला भरभरून खत घातलं आणि गवत पापडासारखं भाजलं. शेजारचे म्हातारे नोव्हाक धावत आले. "श्री, हे थंडीचं गवत! उन्हात ते झोपतं. झोपलेल्याच्या तोंडात कुणी घास कोंबतं का?"

तेव्हापासून शिस्त लागली. सप्टेंबरात मोठं जेवण, थंडी पडता पडता शेवटचा घास आणि वसंतात पिवळं झुडूप फुललं की तण उगवूच न देणारं औषध. हे सगळं वाढलं कुणी? मी!

भांडण पेटलं त्या औषधावरून. ड्राइव्हवेच्या कडेला दरवर्षी क्रॅबग्रास नावाचं रानगवत माजायचं. नोव्हाकच्या मते ती लॉनला झालेली खरूज. श्रीरंगच्या बायकोच्या, वसुधाच्या मते मात्र त्या दुर्वा. तिच्याकडे त्या वर्षी पहिल्यांदाच गणपती बसणार होता आणि अख्ख्या शिकागोत तिला दुर्वा मिळाल्या नव्हत्या.

"अहो, तेवढी कड सोडा."

"वसू, ते वीड आहे."

"बाप्पाला विचारलंत?"

"नोव्हाकला विचारलं."

"मग आरतीलाही त्यांनाच उभं करा!"

श्रीरंगने ऐकलं नाही. माझं पोट औषधाने भरलं आणि निघाला. कड आली तसा मी श्वास रोखला, एकेक भोक आवळून धरलं. दाणा खाली पडू दिला नाही! श्रीरंग म्हणतो, औषध दमट होतं, गोळा होऊन अडकलं. म्हणू दे बिचाऱ्याला.

गणपतीत सगळं लॉन गालिच्यासारखं आणि कडेला क्रॅबग्रासची जाड झालर! "श्री, एक पट्टा सुटला की रे," नोव्हाक म्हणाले. श्रीरंग चरफडला. वसुधा ताट घेऊन धावली.

आरतीला आलेल्या मीनाक्षीकाकूंनी डोळे मोठे केले. "अगंबाई, दुर्वा कुठून गं आणल्यास?"

वसुधाने तोंड उघडायच्या आत श्रीरंगच म्हणाला, "घरच्या आहेत काकू." छाती अशी काढून, की जणू कड त्यानेच राखली होती!

पुढे आमच्या गल्लीत औषध फवारणारे ट्रक फिरू लागले. एका वसंतात श्रीरंगनेही एक बोलावला. मला वाटलं, संपलं आपलं. फवारणारा माणूस पाइप ओढत कडेकडे वळला आणि श्रीरंग ऑफिसच्या बुटांत धावत जाऊन कडेवर पाय रोवून उभा राहिला.

"नॉट हिअर!"

"सर, क्रॅबग्रास तर इथेच येतं."

"म्हणूनच!"

त्याने ट्रक कॅन्सल केला आणि मला बाहेर काढलं. आता कड आली की तो स्वतःच माझी खिट्टी बंद करतो.

मंडळी, तुमच्या गराजमध्ये माझा कुणी भाऊबंद असेल, तर काम झाल्यावर त्याला धुवून, कोरडा करून ठेवा. खताने आम्हाला गंज चढतो. आणि बाप्पाच्या घरी चाकरी असलेल्याने गंजून कसं चालेल?