ओढ्यातला आडवा ट्रक

डेल्फिना मावशीच्या बरणीत टेपरी घेवड्याचं बी चार मुठी उरलं होतं. पांढऱ्या दाण्याच्या पोटावर निळसर ठिपका असलेलं ते बी गावात आता फक्त तिच्याकडे होतं. बाकीच्यांच्या बियांना कुठे भुंगा लागला, कुठे एका वाईट हिवाळ्यात ती शिजवून खाल्ली गेली. तीन उन्हाळे मावशीच्या शेतात पूर शिरला नव्हता. पुराशिवाय टेपरी नाही. डोंगरावर वीज कडाडावी, कोरडा ओढा भरून यावा, त्याच्या तोंडाशी पाणी पसरून शेतात निजावं आणि त्या ओलीवर बी टाकावं, एवढीच आमची शेती. विहिरीचं पाणी मावशीच्या मते भांड्यांसाठी असतं. पण बी म्हातारं होत चाललं होतं. मावशीही होत होती, त्याबद्दल ती बोलत नसे.

"या खेपेला नाही पेरलं, तर बरणी धुऊन ठेवायची," एवढंच ती जुलै लागताना म्हणाली.

रस्ता बांधणाऱ्यांनी वरच्या अंगाला ओढा सरळ केला, तेव्हापासून पात्र खोल गेलं होतं. पूर यायचा, पण शेताकडे मान वळवून न बघता निघून जायचा. म्हणून क्लेमेंट मामानं ओढ्यात कुडाचा बांध घालायला घेतला. मामा मावशीचा धाकटा भाऊ, वय एकाहत्तर. मेस्कीटच्या लाकडाचे जाडजूड खांब त्यानं आठवडाभर खपून वाळूत रोवले. आता त्यांच्यात काटक्या विणायच्या राहिल्या होत्या. त्या गुरुवारी दुपारी तो काटक्यांनी भरलेला आपला छोटा ट्रक घेऊन थेट ओढ्याच्या पात्रात उतरला आणि खांबांच्या वरच्या अंगाला त्यानं तो उभा केला. उतरवायला सोपं पडतं म्हणाला. मी शाळेची बस चालवते आणि उन्हाळ्यात मला सुट्टी असते, म्हणून विणायला मावशीसोबत मीही होते.

आमच्या घरात एक रीत आहे. पाऊस येणार असं तोंडानं म्हणायचं नाही. म्हटलं की ढग लाजतात आणि दुसऱ्याच्या गावाला जातात. नुसतं म्हणायचं नाही एवढंच नव्हे. आपण वाट बघतोय असं वरून दिसेल असं काही करायचंही नाही. वाळत घातलेले कपडे काढायचे नाहीत. छपरावर चढायचं नाही.

दोनच्या सुमाराला बाबोकिवारीचा डोंगर कमरेपर्यंत काळा झाला. आमच्या डोक्यावर ऊन होतं.

"अक्का, हवा बरी आहे आज," मामा म्हणाला.

"बरी आहे."

डोंगरात वीज चमकली. तिघांनीही पाहिली. तिघंही काटक्या विणत राहिलो.

"मामा, तुझा ट्रक..." मी म्हटलं.

"ट्रकचं काय?"

मावशीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी वाक्य गिळलं.

"काच मळलीय."

"धुईन कधीतरी."

ट्रक वर काढायचा म्हणजे पूर येणार असं कबूल करायचं. तीन वर्षांनंतर डोंगर असा कमरेपर्यंत काळा झाला होता. मामाच्या हातात किल्ल्या होत्या. त्या त्यानं खिशात टाकल्या.

"जरा काठावर बसून पाणी पिऊ या," मावशी म्हणाली. "दमलेय मी." ती आयुष्यात कधी दमल्याचं मी ऐकलं नव्हतं.

आम्ही काठावर चढलो आणि बसलो. तेवढ्यात माझ्या खिशातला फोन किंचाळायला लागला. अचानक पुराचा धोका, सखल जागा सोडा, उंचावर जा.

"गप्प कर त्याला!" मावशी ओरडली. "कुणी शिकवलं मेल्याला बोलायला!"

खाली ट्रकमध्ये मामाचाही फोन तेच बोंबलत होता. तो बंद करायला मामा उठला. मावशीनं मागून त्याचा पट्टा धरला.

"बस खाली, गाढवा."

"अक्का, तो मोठ्यानं..."

"बोलू दे. बोलायचं ते बोलून झालंय त्याचं."

मग गार वारा आला, त्यात शेगोईच्या झुडपांचा ओला वास. मग वाळूवरून हजार पोती ओढत आणल्यासारखा आवाज. आमच्यावर थेंब नव्हता. वळणावरून पाणी आलं ते आधी फेस होऊन आलं, मग काटक्या होऊन, एक प्लॅस्टिकची खुर्ची, एक निवडुंगाचं बोट, आणि मागून तपकिरी, घाईत असलेलं खरं पाणी.

ट्रक आधी जागचा हलला नाही. मग झोपेतून उठल्यासारखा मागून उचलला गेला, तोंड फिरवत फिरवत खांबांपाशी गेला आणि आडवा होऊन अडकला. त्यातल्या काटक्या सांडल्या आणि पाण्यानं त्या चाकांखाली, खांबांमध्ये, जिथे आम्हाला दोन दिवस लागले असते तिथे घट्ट ठासल्या. पाणी अडलं, फुगलं, इकडे तिकडे वाट शोधू लागलं. आणि शेताकडे वळलं.

मावशीनं दोन्ही हात तोंडावर ठेवले.

मामा ट्रककडे बघत होता. सीटवर फुलाफुलांचं आवरण होतं, मामीनं शिवलेलं. मामी जाऊन सहा वर्षं झाली होती. त्याच ट्रकनं तो चर्चला जायचा, दवाखान्यात जायचा, दुकानात जायचा, आणि कुठेच जायचं नसलं की नुसता आत बसायचा.

वीसेक मिनिटांनी रस्त्याकडून बचावगाडी आली. नारिंगी जाकिटातल्या, पन्नाशीच्या हॉलिसबाई उतरल्या. शहरातून नव्यानं आल्या होत्या. गाडीच्या पुढे तारेचं गुंडाळं होतं.

"कुणी आत अडकलंय?"

"नाही," मामा म्हणाला.

"फोनवर इशारा आला नव्हता का?"

"आला होता."

"मग?"

"मग पूर आला."

बाईंनी ट्रककडे पाहिलं, खांबांकडे पाहिलं. "काका, नशीब चांगलंय तुमचं. तार इथून पोचते. आत्ता ओढला तर वाचेल. अजून तासभर पाण्यात राहिला की इंजिनात चिखल, मग भंगारात जाईल."

पाणी शेताच्या अर्ध्यावर आलं होतं. पलीकडचं टोक अजून पांढरं, भेगाळलेलं होतं.

"काढ, क्लेमेंट," मावशी म्हणाली. तिनं शेताकडे पाठ केली होती. "ट्रक तुझा आहे. मला काय, बरणी तर धुवायचीच होती."

मामानं मला विचारलं, "त्या टोकाला पोचायला किती वेळ?"

"तासभर."

त्यानं टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली.

"बाई," तो हॉलिसबाईंना म्हणाला, "तुम्ही जेवलात का?"

त्या जेवल्या नव्हत्या. मावशीनं डबा उघडला. टॉर्टिया होत्या, मिरचीचं मांस होतं. हॉलिसबाई काठावर मांडी घालून बसल्या, एका हातानं खात दुसऱ्या हातानं अर्ज भरू लागल्या.

"अडकलेल्या व्यक्ती?"

"शून्य."

"वाहन?"

"एक."

"वाहन बाहेर काढण्यास नकार देण्याचं कारण?" त्यांनी पेन थांबवलं. "काका, इथे काहीतरी लिहावं लागतं."

मामानं शेताकडे हनुवटी केली. पाणी शेवटच्या कोपऱ्यात शिरत होतं, फार आवाज न करता.

हॉलिसबाईंनी घास संपवला, बराच वेळ पाहिलं, आणि लिहिलं: वाहन वापरात आहे.

ट्रक तिसऱ्या दिवशी निघाला आणि पुन्हा कधी सुरू झाला नाही. मामानं आवरण काढून धुतलं, वाळत घातलं. ठिकठिकाणी जायला तो आता माझी वाट बघतो.

चौथ्या दिवशी चिखल पावलाला पेलायला लागला, तशी आम्ही पेरणी केली. मामा काठीनं भोक पाडायचा, मावशी चार दाणे सोडायची आणि टाचेनं माती सारायची. मध्येच ती गुणगुणली, स्वतःच जुळवून:

*ठिपक्याच्या माझ्या बाळा, उघड मातीचं रे दार,*
*तुझ्या न्हाणाला मामानं बुडवली मोटार.*

"गाण्यात नको घालूस मला," मामा म्हणाला.

"यमक जुळतं म्हणून घातलं. तुझं कौतुक नाही काही."

पाच दिवस काही झालं नाही. सहाव्या दिवशीही नाही. मावशी बरणीबद्दल बोलली नाही, पण ती घासून उन्हात उपडी ठेवलेली मी पाहिली. आठव्या सकाळी शेतातली वाळलेली पापडी जागोजाग उचलली गेली होती, भांड्यांवरची झाकणं वाफेनं उचलावीत तशी. सगळीकडे नाही. निम्म्याहून थोडी जास्त.

मावशी गुडघ्यांवर बसली आणि जिथे कोंब अडला होता तिथे नखानं पापडी फोडत निघाली. मामा पलीकडच्या टोकाकडून तसाच रांगत आला. मध्यावर दोघं भेटली.

"तुझ्या बाजूचे वाकडे आलेत," मावशी म्हणाली.

"आलेत ना," मामा म्हणाला, आणि पुढच्या ओळीकडे सरकला.